सत्कारात राहून गेलेला चीन

शनिवार, १२ जानेवारी १९५७, सायंकाळी साडेपाच. आपल्या वाचनालयाच्या सभागृहातलं चीनवरचं व्याख्यान या वेळी संपलं. सुरू कधी झालं, ते मला विचारू नका.

वाचक मंडळींनो, घरी येताच हे फलकासाठी लिहिते आहे. बी.ए.ला ‘चीन आणि जग’ असा पेपर आहे आणि धुळ्यात तो शिकवणारं कुणी नाही. म्हणून वाचनालयाच्या समितीनं पुण्याचे प्राध्यापक बोलावले. माझी जुनी विद्यार्थिनी सिंधू त्यांना ऐकायला सावद्याहून वडिलांबरोबर आली. या पेपरात नापास झाली तर तिचं शिक्षण बंद, असं घरी ठरलं आहे.

आधी स्वागतगीत, मग प्रास्ताविक, परिचय, हार. त्यानंतर समितीचे अध्यक्ष नानासाहेब स्वतःच्या कापसाच्या जिनिंगवर बोलले. प्राध्यापक चीनच्या चहापर्यंत आले, तोच त्यांना चाळीसगावच्या गाडीसाठी टांग्यात बसवलं. आभार त्यांच्या पाठीमागे सावकाश मानले गेले.

“नाना, चीन राहिला,” मी म्हटलं.

“अक्का, पाहुण्यांचा मान राखावा लागतो.”

“मग बोलावलंत कशाला? हार टपालानं पाठवायचे.”

सिंधूचे वडील म्हणाले, “बठ्ठा येळ हारमाच गया.” सगळा वेळ हारातच गेला, हे खरंच. सिंधूनं विचारलं, “बाई, परीक्षेत काय लिहू, स्वागतगीत?”

 याचं उत्तर समितीनं द्यावं. प्राध्यापक पुन्हा कधी येणार आणि उभे राहताच त्यांना बोलू देणार का, हे पुढच्या शनिवारी सायंकाळी पाचच्या आत, लेखी, याच फलकावर लावावं.