इनासचं शेवटचं तेल

इनासला बायपासपेक्षा फादरची भीती जास्त वाटत होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सून लिओना ठाण्याच्या इस्पितळात फादरना घेऊन आली, तेव्हा त्याने सरळ चादर तोंडावर ओढली. सत्तरीचा माणूस, आयुष्यभर कारखान्यात लोखंड कापलेला, पण पवित्र तेलाची ती चिमुकली डबी बघून त्याची पाचावर धारण बसली. जुनी माणसं त्याला शेवटचं तेल म्हणत. इनासच्या लेखी तेल लागलं म्हणजे माणूस संपला.

असं वाटायला कारण होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरल्या बहिणीने, कॉन्स्टन्सने, त्याला न विचारता फादरना बोलावलं होतं. दुपारी आईला तेल लागलं आणि संध्याकाळी आई गेली. शवपेटी अजून घरातच होती, माणसं भरली होती, आणि इनास सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाला, तू तेल लावून आईला घालवलंस. कॉन्स्टन्स विठ्ठलवाडीला आपल्या घरी गेली ती माहेरी परत आलीच नाही. यानेही कधी बोलावलं नाही. हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच आईची लेकरं.

फादर तरुण होते. त्यांनी चादर हळूच खाली केली आणि सांगितलं, "अंकल, हे आजाऱ्यांसाठी असतं. तुम्ही आजारी आहात, बस." मग त्यांनी कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावून प्रार्थना म्हटली. इनास कान टवकारून ऐकत होता. मरणाचा शब्द आत्ता येईल, मग येईल. तो आलाच नाही. प्रभू तुम्हाला तारो आणि उठवून उभं करो, एवढंच मागणं. जाताना फादर म्हणाले, तेल सुकेल पण अभिषेक राहील, बरे झालात की हे हात कशाला लावायचे ते बघा. इनासला रागच आला. इथे उद्याचा भरवसा नाही आणि हे गृहपाठ देऊन चालले.

ऑपरेशन झालं. इनास घरी आला आणि पेजेत मीठ कमी म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र पडेना. तेल लागूनही तो जिवंत होता. म्हणजे आईला तेलाने नेलं नव्हतं; ती जायचीच होती. मग इतकी वर्षं बायने, त्याच्या कॉन्स्टन्सने, कसला भोग भोगला? हा विचार टाक्यांपेक्षा जास्त ठणकत होता. देवळात, चर्चच्या बाकावर जाऊन बसला, पण हात जोडले की फादरचे शब्द आठवत आणि प्रार्थना अर्धीच राही.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्याबरोबर त्याने लिओनाला विठ्ठलवाडीसाठी गाडी काढायला लावली. शीळफाट्याच्या कोंडीत त्याचा धीर सुटला. परत फिरू, म्हणाला, छातीत कसंतरी होतंय.

"पप्पा, छातीत काही नाही, पोटात गोळा आलाय तुमच्या," लिओना म्हणाली आणि तिने हॉर्न दाबला.

दार कॉन्स्टन्सनेच उघडलं. वाटेत जुळवलेलं सगळं इनास विसरला.

"बाय, मला पण तेल लावलेलं," तो म्हणाला. "बघ, उभा आहे तुझ्यासमोर. मी चुकलो गं."

कॉन्स्टन्स उंबऱ्यातच खाली बसली. बराच वेळ रडली आणि मग त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे तिचा नवरा ओवेन पडून होता. लकव्याने एक बाजू गेली होती.

"हे सारखे बोलतात, फादरना बोलव, तेल घ्यायचंय," ती म्हणाली. "माझा हात फोनकडे जात नाही रे. तू बोललेलास ते डोक्यातून गेलंच नाही. हे पण गेले तर मीच घालवले ना?"

इनासला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रागात टाकलेलं एक वाक्य या घरात येऊन आजाऱ्याच्या उशाशी बसलं होतं. त्याने तिच्याकडून तिथल्या फादरचा नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन लावला.

"आणि काही झालं तर?" कॉन्स्टन्सने विचारलं.

"झालं तर माझं नाव सांग. इनासने बोलावलेलं म्हणावं."

फादर चहाच्या वेळेला आले. ओवेनची एक मूठ घट्ट वळलेली होती. इनासने ती आपल्या हातात घेऊन एकेक बोट सोडवलं, तळहात उघडा झाला आणि फादरनी त्यावर तेल लावलं. फादर गेल्यावर ओवेनने डोळे मिटले. कॉन्स्टन्स जपमाळ धरून त्याच्या छातीकडे एकटक बघत बसली. कोणी हलेना. इनासच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, पण तो बहिणीशेजारून उठला नाही.

तेवढ्यात ओवेन घोरायला लागला. असा घोरायला लागला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कॉन्स्टन्सने जपमाळ खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. लग्न झाल्यापासून ती या घोरण्याला शिव्या घालत आली होती. आज मात्र तिने इनासलाही बोलू दिलं नाही. गप बस, म्हणाली, ऐकू दे मला.