मेलेल्या मरळीचा रस्सा

"ही फूड पॉयझनिंगची केस दिसतेय. म्हणजे खाण्यातून झालेली बाधा." डॉक्टरांनी सुजाताची पापणी वर करून बॅटरीचा उजेड टाकला, पोट दाबून पाहिलं आणि ते माझ्याकडे वळले. "काय खाल्लं होतं पोरीनं?"

"मासा."

"कुठला?"

"आमच्या तळ्यातला," मी म्हणालो.

ते खोटं होतं. आठ वर्षांची माझी मुलगी लोहाऱ्याच्या दवाखान्यात खाटेवर ओकून ओकून पांढरी पडली होती, आणि मी तिच्या उशाशी उभा राहून डॉक्टरांशी खोटं बोललो. ज्यांना उद्या आपल्या माणसासाठी एखाद्या डॉक्टरपुढं उभं राहायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं कौतुक व्हावं असं यात काही नाही.

मी तेव्हा आमच्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा पगारी सचिव होतो. तळं बहात्तरच्या दुष्काळी कामावर झालेलं. माझ्या आईनं त्या भरावावर पाट्या वाहिल्या होत्या. पुढं भोई मंडळींनी संस्था काढली, आणि दहावी पास म्हणून कागदपत्रं माझ्या गळ्यात आली. चेअरमन होते ग्यानबा. अक्षरशत्रू माणूस, पण पाण्यावरचा बुडबुडा बघून मासा कुठल्या जातीचा ते सांगायचे.

तळ्यात आम्ही रोहू, कटला, मृगळ सोडायचो. त्यांचं बोटभर पिल्लू सरकारी केंद्रातून यायचं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून. तळ्यात शेणखत टाकायचं, वरून शेंगदाण्याची पेंड. लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं 'सुईचा मासा'. केंद्रात मादीला इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावतात ही बातमी गावोगाव पोचली होती. सुईचा मासा खाल्ला की अंगावर सूज येते, बाईचं दूध आटतं, काय वाट्टेल ते.

हे खोडून काढणं माझं काम. मी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. सुई फक्त मादीला टोचतात, तीही दुसऱ्या माशाच्याच ग्रंथीच्या रसाची, आपल्या ताटात येणाऱ्या माशाला कुणी टोचत नाही, हे मी लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात उभा राहून ठणकावून सांगायचो. वर पुस्ती जोडायचो, "माझ्या पोरीला हाच खाऊ घालतो."

घालत नव्हतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ती सुई मी डोळ्यांनी पाहिली होती, शेणाच्या पाट्या पाण्यात पडताना पाहिल्या होत्या. बुद्धीला सगळं पटत होतं, पण घास तोंडाशी आला की मन मागं सरायचं. आमच्या घरी मासा शिजला तर नदीचाच. "वाहत्या पाण्यातलं ते निर्मळ," आई म्हणायची, आणि सचिव साहेब मान डोलवायचे.

त्या वर्षी पावसानं पुन्हा दगा दिला. उन्हाळ्याच्या तोंडाला सुजाताला टायफॉइड झाला. टायफॉइड म्हणजे विषमज्वर, आतडी नाजूक करून टाकणारा ताप. तीन आठवड्यांनी ताप उतरला तेव्हा पोरगी नुसती हाडांचा सापळा राहिली होती. आमच्याकडं लांबलेल्या तापातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा देतात. अंगात ताकद येते म्हणतात.

मरळ आमच्या तळ्यात नव्हती. ती सोडलेली पिल्लं खाते म्हणून दिसली की आम्हीच तिला काढून टाकायचो. ग्यानबा दारात येऊन म्हणाले होते, "मरळीचं खूळ सोडा सचिव. रोहूचा रस्सा द्या पोरीला. म्या सवता काटं काढून देतो." मी "बघू" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून नदीकडं गेलो.

नदी कसली, मधूनमधून उरलेले डोह. एका बाभळीखाली एक अनोळखी माणूस पाटी घेऊन बसला होता. पाटीत दहा-बारा मरळी आणि बरीच बारीक मासळी. सगळ्या मेलेल्या.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण माझा खरा गुन्हा इथला आहे. मरळ जिवंतच घ्यायची असते. ती पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते. ओल्या पोत्यात गुंडाळून आणली तरी घरी परातीत उड्या मारते. डोह आटला तर चिखलात तग धरून राहते. बाकी मासे मेले तरी मरळ मरत नाही, आणि एका डोहातल्या दहा-बारा मरळी एकदम मेल्या असतील तर त्या पाण्यात काहीतरी झालंय. हे शहाणपण मी बाजारात कितीतरी जणांना फुकट वाटलं होतं.

"मेल्या कशानं?" मी विचारलं.

"ऊन लागलं बगा. कल्ले तरी बगा की, कसं लाल हायती."

कल्ले लाल होते. मला तेवढंच बघायचं होतं. मी दोन मरळी घेतल्या.

माझी बायको शांता पिशवीत डोकावून म्हणाली, "मेलेली हाय की ओ ही."

"उन्हानं," मी म्हणालो. माशाच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा होता. तिनं रस्सा केला. सुजातानं कित्येक दिवसांनी वाटीभर काही पोटात घेतलं आणि आणखी मागितलं. आम्हाला इतका आनंद झाला की उरलेलं सगळं तिलाच वाढलं. वाटीच्या तळाशी राहिलेला एक तुकडा मी खाल्ला.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. मी तिला खांद्यावर टाकून रस्त्यावर आलो, लोहाऱ्याची जीप मिळाली. शांता धाकट्याला आईकडं सोडून मागच्या एस.टी.नं येणार होती. जीपमध्ये माझंही डोकं गरगरत होतं, एकदा उलटी झाली. हादऱ्यांनी झाली असेल, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी मी सगळं ठरवूनच टाकत होतो.

आता तुम्ही विचाराल, खोटं का बोललात? डॉक्टरांच्या मागं कंपाउंडर उभा होता. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. मागच्याच बाजारात "पोरीला हाच खाऊ घालतो" हे वाक्य मी त्याच्या तोंडावर टाकलं होतं. तो माझ्याकडं बघत होता. त्याच्यासमोर नदीचं नाव घ्यायची मला लाज वाटली. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"तळ्यातला म्हणजे ताजाच असणार," डॉक्टर म्हणाले. "शिजवल्यावर कुठं दूषित झाला असेल. बॅक्टेरियल, म्हणजे जंतूंचा त्रास. अंगातलं पाणी गेलंय, सलाईन लावतो. बसा तुम्ही तिच्याजवळ." त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबर उपचार केले.

मी बसलो. सुजाताचा हात माझ्या हातात होता. थेंब पडत होते. कंपाउंडरची पाळी संपली, तो माझं खोटं घेऊन गावात गेला. सुजाताची बोटं मधूनच उडत होती. मी ती घट्ट धरली.

"बाबा, पंखा किती जोरात फिरतोय," ती म्हणाली.

वीज गेलेली होती. पंखा बंद होता.

तेव्हा मला कळलं. खरं तर बाभळीखालीच कळलं होतं, पण आता पळवाट उरली नाही. तरीही मी उठलो नाही. सलाईननं बरं वाटेल, कशाला उगाच, असं म्हणत बसून राहिलो. जनाची लाज धरली, मनाची सोडली. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मी दोन तास बसलो होतो.

मग तिचे डोळे वर गेले, दात आवळले आणि अख्खं अंग ताठ होऊन हिसके देऊ लागलं. मी ओरडत डॉक्टरांकडं धावलो. "मासा नदीतला होता! मरळ होती. मेलेली आणली होती. मीही खाल्ली, मलाही उलटी झाली."

डॉक्टरांनी आधी तिला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, मग ते बोलले. "हे कन्व्हल्शन आहे. झटके. मेंदूपर्यंत विष गेलं की येतात. डोहात कुणीतरी एंड्रिन ओतलं असणार." एंड्रिन म्हणजे कपाशीवर फवारायचं औषध. आटत आलेल्या डोहात थोडं ओतलं की मासे तरंगून वर येतात, जाळंसुद्धा लागत नाही. "आल्या आल्या सांगितलं असतंत तर मी आधी पोट धुतलं असतं आणि तुम्हाला तेव्हाच सोलापूरला धाडलं असतं. वेळ गेला हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शांता पोचली तेव्हा आम्ही जीपमध्ये चढत होतो. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात सुजाताला रात्रंदिवस नजरेखाली ठेवलं. पहिल्या दिवशी झटके चार वेळा आले, दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी आले नाहीत, पण तिनं डोळेही उघडले नाहीत. चौथ्या दिवशी उघडले आणि पाणी मागितलं. डोक्याला तारा लावून ई.ई.जी. काढला, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. झटक्यांवर फेनोबार्बिटोनच्या गोळ्या दोन वर्षं न चुकता द्यायला सांगितल्या.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, नदीचा मासा असा कसा निघाला? ते म्हणाले, "पाळलेला चांगला की नदीतला, हा प्रश्नच अर्धवट आहे. तो ज्या पाण्यात होता त्या पाण्यावर कुणाची नजर होती, ते विचारा. तुमच्या तळ्याला राखणदार आहे ना? डोहाला कोण होता?" तळ्याला राखणदार होता. ग्यानबांचा भाऊच.

पाचव्या दिवशी शांताचा भाऊ गावाकडची बातमी घेऊन आला. संस्थेच्या माशानं सचिवाची पोरगी मेली, अशी आवई उठली होती. बाजारात आमच्या पाट्यांकडं कुणी फिरकलं नाही. सगळा मासा खड्ड्यात पुरावा लागला. भोयांच्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन परत गेल्या.

त्याच दुपारी वॉर्डाच्या दारात ग्यानबा दिसले. हातात बाटली होती, गढूळ पाण्यानं भरलेली. ते आत येऊन सुजाताच्या पायाशी उभे राहिले, तिचं पाऊल चाचपलं आणि खालच्या आवाजात बोलू लागले.

"सचिव, तळ्याचं पानी आणलंय. डाक्टरला दावा. आमी समद्यांनी त्यो मासा खाल्ला, नातवंडास्नी बी घातला. आमाला काय झालं न्हाय, म्हणून कळंना झालंय. पर आमच्या हातनं काय चुकलं आसंल तर तपासून सांगा. तळं बंद ठिवू."

मला वाटलं होतं ते भांडायला येतील. मी त्यांना जिन्यापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. नदी, बाभळ, मेलेली मरळ, कंपाउंडर, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. बोलताना मी त्यांच्या चपलांकडं बघत होतो.

ते मटकन पायरीवर बसले. "म्हंजी आमचा मासा न्हवं?"

"नाही."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं."

म्हातारा धोतराचा सोगा तोंडाला लावून रडायला लागला. "पाच दीस डोळ्याला डोळा न्हाय बगा. आमच्या हातानं लेकरू चाललंय, आसं वाटत हुतं." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, तोंड पुसलं आणि ते म्हणाले, "आमच्या बायका कवाच्या म्हणायच्या, सचिवाच्या घरी आपला मासा शिजत न्हाय. म्या म्हणायचो, आगं, सोसत नसंल त्येंला."

एवढं बोलून ते उठले. त्यांना संध्याकाळची एस.टी. गाठायची होती.

बाराव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. पुढच्या बाजारी मी लोहाऱ्यात आमच्या पाट्यांजवळ उभा राहिलो आणि जमतील तेवढ्या लोकांना सांगितलं की मासा नदीतला होता, आमच्या तळ्यावर मी खोटा आळ घातला, आणि आजवर माझ्या घरात या तळ्याचा मासा शिजला नव्हता. लोक हसले, दोघं-चौघं थुंकले. खरं सांगायला मला किती वेळ लागला, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

माशाला गिऱ्हाईक परत यायला वर्ष गेलं. आमच्या घरी तळ्याचा रोहू शिजू लागला. सुजाता पंधरापर्यंतचे पाढे म्हणायची, ते सगळे पुसले गेले होते. बे एके बे पासून पुन्हा बसवले. डावा हात अजून थरथरतो, चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. याहून अधिक काही झालं नाही, ही लोहाऱ्याच्या आणि सोलापूरच्या डॉक्टरांची कृपा. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

तेव्हा मंडळी, मासा तळ्याचा घ्या नाहीतर नदीचा, पाणी कुणाच्या राखणीत आहे ते बघून घ्या. मेलेली मरळ घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. मागं कोण उभं आहे ते बघू नका.

सुजाता आता शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे. विषारी मासा नदीचा होता हे तिला ठाऊक आहे. बापानं तळ्याचं नाव घेतलं, हेही तिनं बाजारातल्या लोकांकडून ऐकलंय, त्यावर ती हसते. पण त्या दिवसातलं तिला स्वतःला आठवतं ते एकच, आणि घरी कुणी पाहुणं आलं की ती ते सांगते. मी समोर बसलेला असतो. ती म्हणते, "मी मरायला टेकले होते, पण माझे बाबा दोन तास माझा हात धरून बसले होते. जागचे हललेसुद्धा नाहीत."