रसाकडं पाठ केलेला कॅमेरा

अलीकडं मी हळू बोलतो. बायकोला आधी वाटलं, दाढ दुखतेय. मग वाटलं, मी कशावरून तरी रुसलोय, कारण आमच्या घरात माणूस हळू बोलायला लागला की काहीतरी बिनसलं असं समजतात. शिवाजी पेठेतल्या माणसाचा आवाज मुळातच चार घरं ओलांडून जातो. "जेवलास का" हेसुद्धा आम्ही अशा सुरात विचारतो, की बाहेरगावच्या पावण्यानं भांडण सोडवायला मध्ये पडावं. मित्राला शिवी दिली नाही तर त्याला परकं वाटतं.

खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या, तालमीत घाम गाळलेल्या माणसाला हे लिहायची लाज वाटायला हवी. पण भीतीनं एवढी जागा घेतलीय, की लाजेला बसायला कोपरा उरलेला नाही.

मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत आहे. लोखंड वितळवायचं आणि साच्यात ओतायचं, हे आमचं काम. वितळलेल्या लोखंडाला आम्ही रस म्हणतो. रसानं भरलेली भलीमोठी बादली क्रेनला लटकून भट्टीकडून साच्यांकडं निघाली, की जो ती आधी बघेल त्यानं ओरडायचं, "आला!" वाटेत जो असेल त्यानं तितक्याच जोरात ओरडून सांगायचं, "व्हय!" व्हय आलं नाही, तर ओरडणाऱ्यानं धावत जाऊन त्याला बाजूला करायचं. ओढायचं, ढकलायचं, लाथ घालायची, काय वाटेल ते करायचं, नंतर माफी मागायची नाही. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. मला माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी पाठीत धपाटा घालून शिकवलं आणि मी माझ्या मागून आलेल्यांना तसंच शिकवलं.

सकाळच्या पाळीला जायचं नसेल, तर तालमीजवळच्या कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचणं हा माझा जुना उद्योग. नुसती बातमी वाचून मी थांबत नाही, माझं मतही लगेच जोडतो. म्हणून कट्ट्यावर मला संपादक म्हणतात. मध्यंतरी घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका पोराची बातमी आली होती. एका सकाळी त्याच्या मोबाईलमधलं कंपनीचं खातं बंद झालं, म्हणजे नोकरी गेली. का गेली, ते सांगणारा माणूस त्याला सापडला नाही. मी त्यावर मोठं भाषण ठोकलं. खुनाच्या आरोपीलासुद्धा न्यायाधीश विचारतात, तुला काय म्हणायचंय. त्याला वकील मिळतो, वरचं कोर्ट मिळतं. मग कष्ट करून खाणाऱ्याला निदान तोंडावर बोलणारा एक माणूस का मिळू नये? काढायचं तर माणसानं माणसाला काढावं, डोळ्यात बघून काढावं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायला आणि विषय फुटबॉलवर गेला. ते सगळं मोठ्या शहरातलं आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे भट्टी आणि साचे असलेल्या शेडमध्ये, कॅमेरे लागले तेव्हाही मी काही बोललो नाही. सुरक्षेसाठी आहेत म्हणाले. हेल्मेट न घालणाऱ्यावर लाल चौकट येते म्हणाले, ते बरंच वाटलं. हे कॅमेरे नुसतं बघत नाहीत, त्यांना भांडणही ओळखता येतं, हे आम्हाला नंतर कळलं.

माझ्या हाताखाली शिकलेला एक गडी होता. तिशीचा, शिरोळकडचा, रोज मोटारसायकलवरून यायचा. मी कायम कामगार आणि तो ठेकेदाराचा. काम एकच, पण त्याचा गेटपास वेगळ्या रंगाचा. घरी बागाईत, उसाला पाण्याची कमी नाही, तरी पाच वर्षं त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे ऊस बघायचे, घर बघायचे आणि विचारायचे, "पोरगा कुठं कामाला हाय?" नुसती शेती म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठायचे. म्हणून तर तो कंपनीत आला. शेतकऱ्याच्या पोरानं बायको मिळावी म्हणून भट्टीसमोर उभं राहावं, यावरही माझी मतं आहेत. ती मी त्याला बऱ्याचदा ऐकवली होती आणि तो हसून म्हणायचा, "आण्णा, तुमचं लगीन झालंय, तुम्हाला काय हुतंय बोलायला."

एका सोमवारी मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की त्याचं जमलं आणि रविवारी सुपारीसुद्धा फुटली. मला न सांगता! मी सरळ त्याच्यापुढं गेलो आणि त्याची कॉलर धरली.

"सोयरीक जमवलीस आन् मला पत्ता न्हाई व्हय रं? मी काय मेलो हुतो व्हय?"

"आण्णा, सोडा की! फोन केलतो, तुम्ही उचलला न्हाई!"

त्यानं माझ्या छातीत बुक्की मारली, मी त्याच्या पाठीत दोन घातल्या, मग मी त्याला मिठी मारली आणि मटणाचं जेवण कबूल करून घेतलं. एवढं झालं आणि आम्ही कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. पूर्वी पर्सनल म्हणायचे, आता एचआर म्हणतात, त्या खात्यातला पुण्याहून आलेला तरुण साहेब. त्यानं पडद्यावर आम्हाला आमचाच तुकडा दाखवला. मी तरातरा चालत येतोय, कॉलर धरतोय, तोंड वेडंवाकडं करून ओरडतोय. तो बुक्की मारतोय, मी हाणतोय. आमच्या दोघांभोवती लाल चौकट. मिठी यायच्या आधीच तुकडा संपला. मला तो पडद्यावरचा म्हातारा बघून धडकी भरली. असा माणूस माझ्या अंगावर आला असता, तर मीसुद्धा पोलिसांना फोन केला असता.

"साहेब, ह्याचं लगीन ठरलंय," मी म्हणालो.

"अभिनंदन," साहेब त्याच्याकडं बघून म्हणाला आणि मनापासून म्हणाला. "पण सिस्टीमनं याला मारामारी म्हटलंय. मी ते पुसू शकत नाही. तुम्हाला सूचनापत्र देतो. यांचं मात्र ठेकेदाराला कळवावं लागेल. पुन्हा लाल आलं तर त्यांना ठेवता येणार नाही."

"मग ज्यानं मारामारी म्हटलं त्याच्याशी आमचं बोलणं करून द्या."

"तिथं कुणी नसतं," साहेब म्हणाला.

मी विचारलं, "रस आल्यावर ओरडायचं की न्हाई?" साहेबानं ते लिहून घेतलं. विचारून सांगतो म्हणाला. उत्तर अजून आलेलं नाही.

त्या दिवसापासून शॉप बदललं. ज्या छपराखाली दिवसभर शिव्यांची खैरात चालायची, तिथं माणसं एकमेकांना "जरा सरका" म्हणू लागली. खांद्यावर हात टाकायचा तर आधी वर बघायचं. चहाच्या वेळेला आम्ही हात मांडीवर ठेवून बसायचो, एखाद्याच्या मयताला बसल्यागत. आणि तो गडी तर सगळ्यांत गप्प. लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर धरलं होतं. मुलीच्या बापानं बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, कंपनीतली नोकरी हाय म्हणून देतोय. एक लाल चौकट आली की नोकरी जाणार आणि नोकरी गेली की लग्न मोडणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. मी त्याच्याशी बोलणंच कमी केलं. आपल्यामुळं काही होऊ नये, एवढीच भीती डोक्यात. भट्टीपुढं पंचवीस वर्षं काढली, पण रसाची अशी भीती कधी वाटली नव्हती, जशी त्या काचेच्या डोळ्याची वाटायला लागली. रस निदान समोरून येतो.

मग ते झालं. दुपारची वेळ. तो वाकून एका साच्यातली सुटी वाळू झटकत होता, पाठ भट्टीकडं. मोठा पंखा घरघरत होता. मी क्रेनची बादली निघालेली बघितली आणि म्हणालो, "आला."

म्हणालो, ओरडलो नाही. गळ्यातून आलं ते असं, जसं मी दवाखान्यात पुढच्या पेशंटला हाक मारतोय. व्हय आलं नाही. तो वाकलेलाच. बादली वाटेत जरा हेलकावली, तोंडाशी रस चमकला, आणि मग माझ्या पोटातून जे काही निघालं ते भट्टीच्याही वर गेलं. मी धावलो आणि दोन्ही हातांनी त्याला असं ढकललं, की तो पलीकडं वाळूत तोंडावर पडला. बादलीतून रसाचे थेंब सांडले आणि तो जिथं उभा होता तिथली वाळू तडतडली.

सगळे थांबले. क्रेन थांबली. आणि पडलेल्याकडं बघायच्या आधी आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. मीपण. माझे हात अजून पुढंच होते, ते मी पटकन खाली घेतले.

तो उताणा झाला. तोंडात वाळू, कपाळ खरचटलेलं. त्यानंही आधी माझ्याकडं बघितलं नाही, कॅमेऱ्याकडं बघितलं.

"हळू, आण्णा," तो म्हणाला. "हळू बोलायचं की वो."

सकाळी साहेबानं मला एकट्यालाच बोलावलं. तुकडा तयार होता. एक माणूस निमूट वाकून काम करतोय, दुसरा धावत येतो, किंचाळतो, त्याला मागून ढकलून पाडतो. लाल चौकट. मी म्हणालो, बादली दाखवा. साहेबानं तुकडा मागं नेला, पुढं नेला. बादली त्यात नव्हतीच आणि रस सांडायच्या आधीच तुकडा संपत होता. कॅमेरा भट्टीच्या बाजूच्या खांबावर आहे आणि त्याचं तोंड आमच्याकडं आहे. रसाकडं त्याची पाठ. ज्यानं माणूस मरतो त्यावर नजर नाही, मरणाऱ्या माणसावर आहे. हे लावताना कुणाला काय जपायचं होतं, ते मला तेव्हा लख्ख कळलं.

मी क्रेनवाल्याला बोलावून आणलं. सांडलेल्या रसाचे गोठलेले ठिपके दाखवायला साहेबाला हाताला धरून शॉपमध्ये नेलं. तो आला, वाकून बघितलं. वाईट माणूस नाही तो.

"मला पटतंय," तो म्हणाला. "तुमची रीतसर चौकशी होईल. तिथं हे सगळं सांगा. तुम्ही सुटाल."

"आन् तो?"

"तो आमच्या रोलवर नाही ना. ठेकेदारानं त्याला कालच फोन केला. उद्यापासून येऊ नको म्हणून."

"साहेब, त्यानं काय केलंय? त्याला ढकललंय!"

"चौकटीत दोघं होते," साहेब म्हणाला आणि असं म्हणताना तो पडद्याकडं बघत होता, माझ्याकडं नाही. त्याच्या आवाजातही मला तीच भीती ऐकू आली. त्याच्या डोक्यावरही कॅमेरा होता.

म्हणजे ढकलणाऱ्याला चौकशी, वकील, म्हणणं मांडायची संधी. आणि ज्याला ढकललं, त्याला एक शब्द न विचारता घरी. मी कट्ट्यावर ज्या न्यायाच्या गप्पा मारल्या, तो माझ्यापुरता शिल्लक होता. गेटपासच्या रंगाप्रमाणं न्याय वाटला जातो, हे कुठल्याच पेपरात आलेलं नाही. आता मी पेपर मनातल्या मनात वाचतो. "संपादक, आज काय?" असं कुणी विचारलं, तर काही न्हाई म्हणतो. कट्ट्यासमोरच्या खांबावरही आता एक कॅमेरा लागलाय.

परवा सुट्टी होती. सकाळी मीच त्याला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग उचलला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

"कुठं हाईस रं?"

"शेतात."

"मग शेतात कोण खातंय तुला? वरड की मोठ्यानं! तिथं काय कॅमेरा हाय व्हय?"

"न्हाई."

"मग?"

पानांची सळसळ ऐकू आली.

"उसात बसलोय आण्णा. रोज डबा घिऊन निघतोय पाळीच्या टायमाला. गाडी वड्याच्या कडंला लावतोय आन् आत येऊन बसतोय. घरात अजून सांगितलं न्हाई. सासरवाडीत बी न्हाई."

माझ्या तोंडून निघालं ते एकदम मोठ्यानं, जुन्या सवयीनं. मी येतो, मी त्या मुलीच्या बापाशी बोलतो, चौकशीत तुझं नाव घेतो, सोडत नाही एकेकाला, असं बरंच काही.

"आण्णा," तो म्हणाला, "वरडू नका. फोनातनं भाईर ऐकू येतंय. पलीकडच्या बांधावर तिचा मामा पाणी पाजायलाय."

मी आवाज खाली घेतला.