दसऱ्याच्या पाटावरची चावी

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला उपनिरीक्षक होतो.

दसऱ्याच्या दुपारी, सव्वाबाराला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा ट्रक तिच्याच आवाराच्या उतारावरून सुटला आणि आग्रा रोडवर एका हातगाडीवाल्याच्या अंगावर गेला. माणूस वाचला, पण पाय गेला. पंचनामा उरकून मी ठाण्यात परततो तोच कंपनीच्या मालकाचा फोन.

"आमच्या मॅनेजरनेच ब्रेक नसलेली गाडी सकाळी सातला भाड्याला सोडली आणि स्वतः घरी जाऊन बसला. बाराला ती परत आली ती उतारावर थांबलीच नाही. त्याला उचला."

कुठला ट्रक कुठे जाणार, कोण चालवणार, कुठला दुरुस्तीला उभा राहणार, हे ठरवणारा हा गाड्यांचा मॅनेजर. मूळचा कोकणातला, पन्नाशीचा. भांडुपच्या चाळीतून मी त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं. त्याने हात जोडले नाहीत की आवाज खाली केला नाही.

"गाडी मी सोडलेली नाय, साहेब. पंधरा दिवस ती उभी आहे. तिची चावी माझ्या खिशात असते. घरीसुद्धा नेतो."

"मग आज काय, खिशातून उडाली?"

आता मात्र त्याने मान खाली घातली. "आज पूजा ना. सगळ्या गाड्यांच्या चाव्या पाटावर मांडायची आमच्याकडे रीत. घरची पूजा म्हणून मी नऊला निघालो. निघताना तीही मांडली. दसऱ्याला तेवढी एकच वगळायची, बरं वाटेना."

"म्हणजे चूक तुमचीच."

"मांडली ती माझीच. जबाबात लिहा. पण गाडी मी सोडली नाय, तेही लिहा."

"मालकाचा वकील त्या पहिल्या वाक्यावरच तुम्हाला आडवा करेल."

"करू दे. लिहा तुम्ही."

मला त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर तो आवडलाही.

मग ड्रायव्हरला समोर घेतलं. त्याने मालकाचीच हकिगत सांगितली, अगदी त्याच शब्दांत. खरं बोलणाऱ्या दोघांचे शब्द कधी इतके जुळत नाहीत. हे घोकून घेतलेलं होतं. मी मुद्देमालातली चावी मागवली. अपघातानंतर ट्रकमधूनच काढलेली. तिच्या खाचांत हळद-कुंकू भरलं होतं. भटजी आवारात अकराला आले होते, हे मी विचारून घेतलं होतं.

"सातला गाडी घेऊन गेलास, ती बाराला आणलीस ना रे? मग हे कुंकू कुठे लागलं? रस्त्यात देव भेटला?"

त्याने चावी उलटी करून पाहिली. मग फुटला.

"मालकांनीच पाटावरून उचलून दिली, साहेब. म्हणाले, आज सगळ्या गाड्या मुहूर्ताची फेरी मारणार, एक उभी राहिली तर अपशकुन. मी बोललो, ब्रेक लागत नाय. तर बोलले, गेटपर्यंत जायचंय, फाटते काय तुझी?"

मॅनेजर तेव्हा भांडुपला घरी होता, हे चाळीतल्या चार जणांनी सांगितलं. मी मालकावर गुन्हा नोंदवला. तासाभरात वरून फोन आला. सणासुदीला मोठ्या माणसाला त्रास नको, मॅनेजर चूक कबूल करतोय तर त्याच्यावरच घ्या.

मी म्हणालो, "स्टेशन डायरीत नोंद झाली आहे, सर. खोडायची असेल तर आपण यावं आणि आपल्या सहीने खोडावी."

कोणी आलं नाही. माझी बदली मात्र महिन्याभरात झाली. झाली तर झाली. सामान किती, एक ट्रंक आणि एक वळकटी.

तेव्हापासून स्वच्छ धुतलेल्या जबाबावर मी कधी विश्वास ठेवला नाही. मालकाच्या सांगण्यात त्याचा स्वतःचा एकही दोष नव्हता. मॅनेजरने आपला दोष आधी सांगितला, म्हणून त्याचं बाकीचंही मी खरं मानलं.

खटल्यात तो साक्षीदार होता. नोकरी तोवर गेली होती. मालकाच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे तोच जबाब फडकावला. "चावी पाटावर ठेवली ही तुमची चूक होती की नाही?"

"होती. मी पहिल्याच दिवशी सांगितली," तो म्हणाला, आणि आरोपीकडे बोट केलं. "आता त्यांना त्यांची विचारा."

वकील खाली बसला.