जवळ्याचा स्टॉल

पोस्टर चारही मजल्यांवर चिकटवून झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यात ‘शाकाहारी’ हा शब्द राहिलाय. ‘घरची चव: काहीही करा, सगळ्यांना खिलवा!’ खाली माझी सही.

आमच्या पनवेलच्या हॉस्टेलची मेस शाकाहारी. मी तिथला अ‍ॅक्टिव्हिटी इनचार्ज, म्हणजे मुलांना मोबाइलमधून बाहेर काढून एकमेकांशी बोलायला लावणारा माणूस. अ‍ॅडमिशननंतरचे पहिले आठवडे वाईट. घर आठवलं की पोरं बॅग भरतात. म्हणून असे कार्यक्रम.

पहिलं नाव आलं हर्षदाचं. उरणच्या कोळीवाड्यातली. दोनदा बॅग भरून गेटपर्यंत गेलेली. पदार्थ: सुका जवळा.

डायरेक्टरांनी बोलावलं.

“जवळा म्हणजे?”

“अगदी बारीक सुकी कोळंबी, सर.”

“वास येतो?”

“दणकून.”

“तिला पोहे करायला सांगा.”

वरचा निरोप खाली पोचवण्यात मी तरबेज. हर्षदाला सांगितलं. ती भडकली.

“काय पन करा असं तुमीच लिवलंय ना, सर? माझी आई बाजारात जवला इकते. मी पोहे करनार नाय. नाव काढा, मी घरी जाते. पन का काढलं, ते पोस्टरवर लिवा!”

मी मार्कर घेऊन गेलो. ‘जवळा रद्द, कारण’ इथपर्यंत लिहिलं. पुढे काय लिहिणार? तिच्या घराचा वास येतो म्हणून? टोपण लावलं आणि तडक डायरेक्टरांची केबिन गाठली.

“सर, तिचं नाव राहील. नाहीतर कार्यक्रमच होणार नाही.”

“तुम्ही मला अट घालताय?”

“हो.” आवाज माझाच होता, याचं मलाही नवल वाटलं. “हॉस्टेलला घर समजा म्हणायचं आणि घरचं आणू नका म्हणायचं, हे मला जमणार नाही.”

“मेसची भांडी मिळणार नाहीत. होईल ते तुमच्यावर.”

शेगडी, कढई मी घरून नेली. शाकाहारी स्टॉल मेसपाशी, जवळा पार्किंगच्या टोकाला. वारा खाडीकडून येतो, वास रस्त्यावर जाईल, असं माझं प्लॅनिंग. ऐन वेळी वारा फिरला आणि वास थेट डायरेक्टरांच्या केबिनमध्ये. खिडक्या धडाधड लागल्या. हर्षदानं गॅस मोठा केला.

“या रं, गरम हाय!”

लातूर-साताऱ्याची पोरं ताटल्या घेऊन धावली. एक जैन मुलगी नाकाला रुमाल लावून ठेपले घेऊन आली. “मी खाणार नाही हं. पण तू हे खा.”

हर्षदानं बॅग पुन्हा भरली नाही. डायरेक्टरांनी मात्र माझ्याकडची अ‍ॅक्टिव्हिटी काढून मला लॉन्ड्री दिली. धडा एवढाच: इव्हेंट ठरवताना साहेबांच्या आधी वाऱ्याला विचारावं.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, घरी मासळी खाता आणि इतकी वर्षं हॉस्टेलच्या डब्याला भाजीच मागता. उद्या सुकट देते. दार उघडं ठेवून खा.”