गटात शेवटचा संघ

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात आमचा मुलगा बास्केटबॉल खेळायला पोलंडला गेला. इथेच अ‍ॅरिझोनात, चँडलरमध्ये जन्मलेला, सहा फूट पाच इंच उंच, मराठी सगळं समजणारा पण उत्तर इंग्लिशमध्येच देणारा. कॉलेजच्या टीममध्ये तो चांगला खेळला होता. फार चांगला नाही. अमेरिकेत पुढे कुणी विचारलं नाही, तेव्हा एका एजंटने त्याला हा क्लब शोधून दिला. क्लब छोट्या गावातला, पण त्या वर्षी युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेत पोचलेला. सर्वांत मोठ्या स्पर्धेत नव्हे, तिच्या खालच्या. तरी युरोप म्हणजे युरोप. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काकू मला म्हणाल्या, "मग टीव्हीवर कधी दिसणार गं?" 

टीव्हीवर तो कधीच दिसला नाही. आम्हाला दिसायचे ते आकडे. तिकडे संध्याकाळी मॅच सुरू व्हायची तेव्हा आमच्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असायचे. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होते. पेशंटच्या अपॉइंटमेंट घेता घेता कॉम्प्युटरवर स्पर्धेचं पान उघडून ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा रिफ्रेश करायचे. नागपुरात कॉलेजच्या टीममधून मी खेळले होते, त्यामुळे आकड्यांमागचं मला कळायचं. फाउल चार आणि पॉइंट दोन, म्हणजे समोरचा त्याला आवरत नाहीये.

नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून आत गेला की फोन बाहेर. मॅच संपली की मी त्याच्या फोनवर मेसेज ठेवायचे आणि तो ब्रेकमध्ये ऐकायचा. पहिल्या मॅचनंतर मी म्हणाले, "हरले रे, पण थोडक्यात. त्याचे अकरा पॉइंट." त्या दिवशी तो येताना इंडियन स्टोअरमधून श्रीखंड घेऊन आला. हरल्यावर श्रीखंड कसलं, असं मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी खाल्लं.

त्या आठवड्यात मुलाचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. "आई, लोकल पेपरमध्ये माझा फोटो आलाय. दे कॉल मी 'द अमेरिकन'." इथे अमेरिकेत सुपरमार्केटमधल्या बाईपासून शाळेतल्या कोचपर्यंत सगळ्यांनी त्याला विचारलेलं, तू मूळचा कुठला? तिथे, जिथली भाषा त्याला येत नव्हती त्या गावात, ते कुणीच विचारलं नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

दुसरी मॅच ते खूप फरकाने हरले. तिसरीही. त्याचे पॉइंट सहा, मग दोन. चौथ्या मॅचला मी पान उघडलं, तर त्याच्या नावापुढे एकही आकडा नव्हता. तो खेळलाच नव्हता. पाय मुरगळला असेल, असंच मनात आलं. लंचमध्ये गाडीत बसून फोन लावला.

"लागलंय का तुला?"

"नो."

"मग?"

"दे गॉट अ न्यू गाय, आई. तोपण अमेरिकन आहे. ही इज गुड."

"कोचशी बोललास?"

"अबाउट व्हॉट?"

 जेवलास का, विचारलं. जेवलो म्हणाला. खरं तर मला त्याला सांगायचं होतं की बेंचवर मीही बसले आहे, त्यात काही नाही. पण मी बेंचवर बसायचे ते नागपुरात, मॅच संपली की सायकलवरून घरी जायचे. तो घरापासून इतका लांब, बर्फात, एकटा.

त्या दिवशीचा मेसेज मी दोनदा बोलायला घेतला आणि शेवटी एवढंच म्हणाले, "हरले." संध्याकाळी नवऱ्याने बूट काढता काढता विचारलं, "आणि तो?"

"खेळवलं नाही."

त्याने बूट कोपऱ्यात सरकवले. मग म्हणाला, "यापुढे मेसेज नको ठेवूस. तिथे सगळ्यांसमोर ऐकायला लागतं."

पाचव्या मॅचला त्याला शेवटची काही मिनिटं मिळाली, टीम पार मागे पडल्यावर. सहाव्या मॅचला त्याचं नावच यादीत नव्हतं. पान चुकीचं उघडलं असं वाटून मी पुन्हा उघडलं. समोर एक बाई दाढ धरून उभी होती. मी तिला म्हटलं, बसा, डॉक्टर बोलावतील. त्याची टीम सहाही मॅच हरून गटात शेवटची आली.

जानेवारीत क्लबने त्याला काढून टाकलं. फीनिक्सच्या एअरपोर्टवर तो आला तेव्हा दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. मी जवळ घेतलं, त्याने घेऊ दिलं. आम्ही गाडीत बसलो. हायवेला लागल्यावर नवरा म्हणाला, "नेमकं झालं काय तिथे? कोचचं काही होतं का? राजकारण?" हो म्हण, असा त्याचा सूर होता.

मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. तो मराठीत बोलला, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "काही नाही झालं, बाबा. ते सगळे माझ्यापेक्षा चांगले होते."

नवऱ्याने मान हलवली आणि घराकडे वळायचा एक्झिट त्याच्याकडून चुकला.

नंतर मंडळातले एकजण त्याला म्हणाले, आमच्या मुलांना बास्केटबॉल शिकव, शनिवारी शाळेची जिम मिळते. तो नको म्हणाला. मी परत विचारलं तेव्हा, "आई, प्लीज," एवढंच. वसंतात त्याला एका टायर कंपनीच्या गोदामात नोकरी लागली आणि वर्षभरात तो टूसॉन शहरात राहायला गेला. रविवारी फोन करतो. बापलेक गाडीच्या इंजिनाबद्दल बोलतात, उन्हाबद्दल बोलतात. कुणी विचारलं तर मी सांगते, बरा आहे. खोटं नाही ते. पण बास्केटबॉलचा विषय त्या फोनवर कधी निघत नाही.