दहा दिवसांची शेगडी

"बर्री मक्कळे, बर्री!" म्हणजे 'या पोरांनो, या', हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. साडेबाराला ती हाक यायची, तिच्या मागोमाग आमटीचा वास यायचा आणि पाय आपोआप उठायचे. काशम्मामावशीचा आवाज काढायचा तर आधी पोटात हवा भरावी लागते. तो कमरेच्या आसपास कुठून तरी निघतो आणि तोंडापर्यंत येता येता अर्धा कानडी होतो.

सोलापुरात आम्हा बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं उरली आहेत पाच. पण मे महिन्यात दहा दिवस जुळे सोलापुरातल्या रिबकाआत्यांच्या बंगल्यात सतरा पोरं जमतात. कुणी पुण्याहून सुट्टीला आलेलं, कुणी कल्याणहून, एकजण तर थेट अलिबागचा. सकाळी साडेसातला यायचं, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवायची, आणि तीनला घरी. मधल्या वेळात प्रार्थना, हिब्रू अक्षरं, गाणी, कॅरम, भांडणं. बाहेर त्रेचाळीस अंश. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, फरशीवर आम्ही ओळीनं पालथे, आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे निघालेली अक्षरं तळ्यात उतरणाऱ्या म्हशींसारखी हळूहळू डुलायला लागायची. कुणाला झोप लागली तर उठवत नसत. अर्धी अक्षरं आम्ही झोपेतच शिकलो असू.

रिबकाआत्या स्टेशनवर घोषणा करायच्या, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून फलाटावरच आहे. "मुलांनी कृपया लक्ष द्यावे. कैरीचे पन्हे थोड्याच वेळात मागच्या अंगणात येत आहे. धक्काबुक्की करू नये."

आणि मागच्या अंगणात, कडुनिंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काशम्मामावशीचं राज्य.

ती अक्कलकोटकडची, लिंगायत. गळ्यात चांदीच्या करंडकात इष्टलिंग, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, घामानं दुपारपर्यंत दोनच उरायच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, मग तोही गेला. आता ती एका खानावळीत रोज दोनशे भाकऱ्या थापते. अकरा वर्षांपूर्वी आत्यांनी तिला या दहा दिवसांच्या कॅम्पसाठी बोलावलं आणि आमचे नियम समजावले: मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी.

"मटण मी शिवत न्हाय," काशम्मा म्हणाली. "मिटलं की तुमचं भांडण."

खरंच मिटलं. तेव्हापासून कॅम्पात शाकाहार. तांदूळ ती तीनदा निवडायची. "तुमच्या देवाला किडा चालत न्हाय, माज्याबी देवाला चालत न्हाय. दोगं एकाच पंगतीला बसतील बगा!"

शेंगा कुटताना एकदा ती आपणहून बोलली होती. घरी चूल सासूची. खानावळीत मालकाची, तो म्हणेल तेव्हा पेटवायची, तो म्हणेल तेव्हा विझवायची. "वर्षात दहाच दिस माजी सोताची शेगडी असती, मक्कळे. मी ठरवीन तवा जाळ." असं म्हणून तिनं काडी ओढली, आणि मोठ्या शेगडीभोवती निळी फुलं उमलावीत तसा जाळ गोल फिरला. आम्ही सगळे बघत राहिलो, जणू पहिल्यांदाच गॅस पाहत होतो.

या वर्षी मुंबईहून योएलदादा शिकवायला आला. चोवीस वर्षांचा, चष्मा, हातात पॅड. परदेशी जाऊन वर्षभर धर्म शिकून आलेला. माणूस गोड, फक्त प्रत्येक वाक्याला 'ऍक्च्युअली'चं दार होतं, ते उघडल्याशिवाय आत जाता यायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो शेडमध्ये आला. आम्ही कांदे सोलत होतो.

"मावशी, ऍक्च्युअली, गॅस कोण पेटवतं?"

"मीच की. का वो? भुताटकी हाय का हितं, आपोआप पेटायला?"

आम्ही खिदळलो. योएलदादानं पॅडमधला कागद उलटला आणि वाचून दाखवलं. नियमाप्रमाणे, स्वयंपाक दुसऱ्या धर्माचं माणूस करत असेल तर निदान जाळ तरी आपल्यातल्या कुणी पेटवायला हवा. उद्यापासून एकेका मुलाची पाळी. मावशींनी पेटवू नये.

डाळ अजून शिजायची होती. काशम्मानं शेगडी बंद केली. काडीपेटी ओट्यावर ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

"पेटवा मग," ती म्हणाली. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. योएलदादानं खिचडी केली. वरचा थर कच्चा, खालचा कोळसा. मधे खाण्याजोगा एक सेंटीमीटर होता, त्यावर सतरा जण तुटून पडले. शेवटी आत्यांनी दुकानातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणवली. अलिबागचा एलियाझर भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दादा, ऍक्च्युअली, हिचा तवा कुणी तापवला?"

"भाकरीचा नियम वेगळा," योएलदादा भरल्या तोंडानं म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आत्यांनी फलाटाचा आवाज बाजूला ठेवला. हळूच म्हणाल्या, "नियम तुझा बरोबर आहे रे. पण तिची शेगडी गेली. चल, रिक्षा बोलाव." पिशव्या धरायला म्हणून मलाही घेतलं.

बाळीवेशीत काशम्माचं घर म्हणजे दोन खोल्या. आत अंधार, गार, विभूती आणि कापराचा वास. काशम्मा पाटावर बसून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करत होती. तिनं डोळे उघडले नाहीत. आम्ही भिंतीला टेकून बसलो. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता येत होती. मोजता मोजता माझा डोळा लागला असावा, कारण एकदम काठीचा आवाज आला आणि समोर एक पांढरीशुभ्र म्हातारी उभी होती. गुरम्मा, काशम्माची सासू.

ती ओलेत्या केसांनी सुनेच्याही पुढून गेली, चुलीशी वाकली, काडी ओढली. पहिली विझली. दुसरी विझली. काशम्माची पूजा आटोपली होती, पण ती जागची हलली नाही. तिसऱ्या काडीला जाळ लागला. म्हातारीनं हात जोडले, मग आमच्याकडे बोट दाखवून कानडीत काहीतरी विचारलं.

"विचारती, तुमच्या घरी चूल कोन पेटिवतं," काशम्मा म्हणाली. "हिला तेवडंच कळायचं असतं. आंगोळ करून, लिंग पुजून, हिनं सोता पेटिवलेल्या चुलीवरचंच खाती. मला चाळीस वर्सं झाली या घरात, एकदा काडी लावू दिली न्हाय."

योएलदादाचा चष्मा घसरला. तो सावरायचं विसरून म्हणाला, "आणि स्वयंपाक?"

"मीच की. ती काडी वडती आन् झोपाळ्यावर जाऊन बसती."

"मावशी, मी चुकलो."

"नियमात न्हाय चुकलास. मी नियमाच्याच घरात नांदले, मला का नियमाचं नवल? पोरांच्यासमोर कागद वाचलास. सतरा पोरं मला बघाय लागली, जशी मीच डाळीत किडा टाकला." तिचा आवाज पोटातून आला नाही तेव्हा. फार वरून, पातळ आला. तो आवाज मला काढता येत नाही.

गुरम्मानं योएलदादाच्या हातात गूळ ठेवला.

"पाळी वगैरे नको," तो शेवटी म्हणाला, 'ऍक्च्युअली'शिवाय. "मी एकटाच येईन. आंघोळ करून. तुम्ही म्हणाल तेव्हाच काडी ओढीन, तुम्ही म्हणेपर्यंत हात मागे. आवडलं नाही तर आत्या दुसरं कुणी शोधतील, पण दुसरं स्वयंपाकाला नाही, काडीला."

काशम्मानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किती वाजता उटतोस?"

"आठ."

"अय्यो! मला सात वाजता जाळ लागतो."

पाचव्या दिवशी आम्ही मुद्दाम लवकर गेलो. पावणेसातचं ऊन अजून कोवळं, कडुनिंबाखाली राखी रंगाची सावली, आणि शेगडीपाशी योएलदादा, केसांतून पाणी टपकतंय. काशम्मा डाळ धूत होती. एकदा धुतली. पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा पाणी बदललं. तो काडी हातात धरून, श्वास रोखून उभा. तिला घाई नव्हती. पातेलं तिनं चढवलं, थोडं डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे.

"हं," ती म्हणाली.

त्यानं काडी ओढली. जाळ गोल फिरला.

"आता हो बाजूला," काशम्मा म्हणाली, आणि कमरेला पदर खोचला. "कांदे कोन सोलनार? मी एकटी काय काय बगू?"